पितृपंधरवड्यातलं फॅशन प्रदर्शन

फॅशनचं प्रदर्शन पितृपंधरवड्यात भरवायची कल्पना कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. ज्या दिवसांत आमच्याकडे कुणी साधा रुमाल विकत घेत नाही, त्या दिवसांत नगरच्या एका मंगल कार्यालयात कपड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. कारण तसं उघड होतं. पितृपक्षात लग्नं नसतात, कार्यालयं ओस पडलेली असतात आणि भाडं विचारलं की मालक लगेच खाली उतरतात. भरवणारी मुलं फॅशन डिझाईनच्या कॉलेजातली. त्यांच्या घरी पितरांचं सगळं आई बघते, त्यामुळे पंचांगाशी त्यांचा संबंध वडे आणि खीर खाण्यापुरताच.

मला एरवी अशा ठिकाणी कुणी ओढून नेलं असतं तरी मी गेले नसते. मी अकोले तालुक्यातल्या एका गावात शाळेवर आहे. तिथून नगर म्हणजे एसटीत दिवस जातो आणि कंबरेचा भुगा होतो. पण आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण.

"रविवारी ये. प्रदर्शनात माझे ब्लाउज लावलेत पोरांनी. मला संगं कुनीतरी पाह्यजे."

"तू जाणार आहेस?"

"म्हून तर म्हनते, ये."

मी लगेच हो म्हणाले. फोन ठेवल्यावर मला इतका आनंद झाला की स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मी थोडी रडले.

आक्का लग्न होऊन नगरला आली आणि घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवायला लागली. भाऊजी लवकर गेले, मुलगा शिकून पुण्याला नोकरीला लागला, पण तिचं मशीन कधी थांबलं नाही. बँकेतल्या बायका, कॉलेजातल्या मॅडम, दवाखान्यातल्या सिस्टर, चर्चजवळच्या वस्तीतल्या नवऱ्या मुली, सगळ्यांचे ब्लाउज तिच्याकडे. दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीत गाठ निघाली आणि डावा स्तन काढावा लागला. तेव्हा मशीनवर जी चादर पडली, ती पडलीच. आधी हात वर होत नव्हता. पुढे हात वर व्हायला लागला, तरी ती मशीनकडे फिरकेना. मी सुट्टी मिळाली की जायची आणि दारातूनच आधी मशीनकडे बघायची. चादर निघालेली दिसली की आक्का वाचली, असं मी मनाशी धरून बसले होते. डॉक्टरांच्या कागदांतलं मला काही कळायचं नाही. उन्हाळ्यात तिनं सांगितलं, "रिपोर्ट चांगले आलेत." तरी चादर तशीच होती.

आणि आता ती स्वतःहून प्रदर्शनाला चल म्हणत होती. म्हणजे ती परत शिवणार. माझ्या मनानं दुसरा अर्थ घेतलाच नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर निघाले. कोल्हारच्या पुलावर गाडी आली तेव्हा खाली प्रवरा गढूळ होऊन वाहत होती. आमचं माहेर तिथलंच, पण उतरून कुणाकडे जावं असं तिथं आता कुणी उरलेलं नाही. मी खिडकी लावून घेतली.

रात्री उशिरा पोचले; सकाळी उठून बघते तर आक्का तयार होऊन बसलेली. अंगावर बरी साडी आणि तिच्यावर मुलाचा जुना चौकड्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. उसाच्या फडातल्या बायका पाचटानं अंग कापू नये म्हणून साडीवर शर्ट घालतात, तसा. ऑपरेशननंतर तिनं ब्लाउज घातलाच नव्हता. जुने बसत नव्हते आणि नवा ती शिवत नव्हती. मी एकदा म्हटलं होतं, "अगं, अख्ख्या गावाला शिवून दिलंस, स्वतःला एक शिव की." तर म्हणाली, "कशावरून शिवू? माझ्या मापाचा एक तरी ब्लाउज ऱ्हायलाय का?"

हे मापाच्या ब्लाउजचं पुरुषांना सांगावं लागतं. आमच्याकडच्या बायका शिंपिणीसमोर टेप लावून घेत उभ्या राहत नाहीत. अंगाला नीट बसणारा एखादा जुना ब्लाउज तिला नेऊन देतात आणि ती त्यावरून कापते. तो मग तिच्याकडेच राहतो, वर्षानुवर्षं. साडी घेतली की नुसतं कापड टाकून यायचं. अंग सुटलं तर ती बघूनच ओळखते आणि शिवणीत आत राखलेलं जादा कापड, म्हणजे माया, उसवून देते. मापाचा ब्लाउज परत मागायची वेळ येते ती गाव सुटलं तर, नाहीतर शिंपिणीशी कायमचं बिनसलं तर.

मशीनवर चादर होतीच. पण शेजारी एक भलामोठा कापडी थैला होता, तोंडापर्यंत ब्लाउजनी भरलेला.

"हे सगळं प्रदर्शनात लावायचं?" मी विचारलं.

"न्हाई. बायका यायच्यात तिथं. मी फोन केलेत."

मला वाटलं, ही प्रदर्शनातच ऑर्डरी घेणार. मी मोठ्या हौसेनं थैला उचलला. तो चांगलाच जड होता.

कार्यालयाच्या कमानीवर शहराचं नवं नाव मोठ्या अक्षरांत लावलं होतं. आत सगळे नगरच म्हणत होते. नवरा-नवरीच्या सिंहासनासारख्या खुर्च्या कोपऱ्यात ढकलून त्यांच्यावर कापड टाकलेलं. स्टेजपासून दारापर्यंत लाल गालिचा, फॅशन शोसाठी. भिंतीला बुंदीचा आणि तळणाचा जुना वास चिकटून राहिलेला, तो काही गेला नव्हता. पाऊस पडतो न पडतो असं बाहेर चाललं होतं आणि आत दिवे लावूनही अंधारल्यासारखं वाटत होतं.

प्रदर्शन शहराच्या फॅशनबद्दल होतं. म्हणजे नगरमध्ये कोण काय शिवतं, कुठली बुटिक आहेत, नवी मुलं काय करू बघतात. फलकांवर 'आपली मुळं', 'मातीचा पोत' असले मथळे. मी जन्मभर निबंध तपासलेत, त्यामुळे असं काही वाचलं की माझा हात लाल पेनाकडे जातो. एमआयडीसीतल्या कामगारांच्या निळ्या गणवेशाचं कापड घेऊन एकानं जाकीट केलं होतं, ते बरं होतं. गोधडीच्या ठिगळांचा एक घेरदार झगा होता. तो घालून बसायचं कुठं, हा प्रश्न तेवढा राहिला होता. आणि एका कोपऱ्यात साडीवर पुरुषी शर्ट घातलेली एक बिनडोक्याची पुतळी. साडी खोचलेली, शर्टाच्या बाह्या मुद्दाम उसवलेल्या. खाली लिहिलं होतं, ऊसतोड महिलांपासून प्रेरणा.

माझं डोकं फिरलं. पूर्वेकडच्या तालुक्यांतून बायका सहा-सहा महिने पोरांबाळांसकट फडावर जातात आणि इथं त्यांचा शर्ट गालिच्यावर मिरवायचा! मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात आक्का त्या पुतळीसमोर जाऊन उभी राहिली. दोघींचा वेष सारखाच. आक्कानं स्वतःच्या शर्टाची बाही नीट केली आणि म्हणाली, "बघ, म्या आधीच केलीया फॅशन. मला कुनी इच्यारलं न्हाई, एवढंच."

मी हसले. ती हसली नाही, पुढे गेली.

तिचे ब्लाउज खिडकीजवळ होते. तीन पुतळ्या आणि तिन्ही सारख्याच बारीक. ब्लाउज तर नांदत्यासांदत्या बायकांचे. पुढून छान दिसावेत म्हणून मुलांनी पाठीमागे कापड गोळा करून टाचण्या लावल्या होत्या. आक्का मागे जाऊन बघत राहिली. कार्डावर 'पारंपरिक शिवण, स्थानिक कारागीर' एवढंच लिहिलेलं होतं. मी चिडून म्हणाले, "नाव तरी घालायचं होतं."

"ऱ्हाऊ दे. ज्यांचे हायत त्यांला म्हाईत हाय."

प्रदर्शन भरवणाऱ्यांतली एक चष्मेवाली मुलगी धावत आली. "काकू, तुम्ही आलात!" म्हणून तिनं खुर्ची आणली, पाणी आणलं. मुलगी गुणी होती, उगाच खोटं कशाला बोलू? तिचा चेहरा मात्र पडलेला. कालपासून माणूस फिरकलं नव्हतं. उद्घाटनाला ज्यांना बोलावलं होतं ते आयत्या वेळी येत नाही म्हणाले. बुटिकवाल्या बायका काल दुपारीच स्टॉल आवरून गेल्या होत्या.

"आम्ही सगळीकडे पोस्ट टाकली होती, काकू. कुणीच कसं येत नाही?"

"पितृपक्ष हाय ना, पोरी. नवं कापड कोन बघतंय?"

मुलीनं कपाळावर हात मारला. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आक्का म्हणाली, "असू दे, येत्यात आता मान्सं. मी बोलीवलीत."

आणि खरंच अकराच्या सुमारास बायका यायला लागल्या. पहिली आली ती बँकेतून निवृत्त झालेली एक बाई, छत्री झटकत. मग एक सिस्टर, ड्यूटी संपवून तशीच. मग दोघी सासू-सुना. त्या ओसाड कार्यालयात जीव आला. मुलगी आनंदानं प्रत्येकीला फलक दाखवत फिरायला लागली. बायका पुतळ्यांवरचे ब्लाउज ओळखत होत्या. "अगं बाई, हा माझ्या मुलीच्या साखरपुड्याचा!" असं एक जण ओरडली. मला तर आभाळ ठेंगणं झालं. मी आक्काच्या मागे उभी राहून बघत होते, कोण काय शिवायला टाकतंय.

आक्कानं थैल्यात हात घातला, एक निळा, विटका ब्लाउज काढला आणि बँकेतल्या बाईंच्या हातात दिला.

"हे काय? माझा मापाचा?"

"व्हय. असू दे तुमच्याकडं."

"अहो, पण दिवाळीला मला दोन शिवायचेत. मी तुमच्यासाठीच थांबलेय. घाई नाही, सावकाश द्या."

"दुसरीकडं टाका, ताई."

बाईंना वाटलं, काही चुकलं आपलं. त्या घाबरून म्हणाल्या, "मागच्या वर्षी मी त्या बुटिकमध्ये एक शिवला म्हणून रागावलात का? एकच शिवला हो. तो पण काखेत ओढतो."

"न्हाई वो. रागवायचं काय त्यात? ब्लाउज न्या."

मग सिस्टरचा निघाला. मग सासूचा, मग सुनेचा. आक्काला शोधावं लागत नव्हतं. हात आत गेला की ज्याचा त्याचाच ब्लाउज वर यायचा. एका मुलीला तिनं दोन दिले. "ह्यो तुझा, आन ह्यो तुझ्या आईचा." त्या मुलीची आई गेल्याला बरीच वर्षं झाली होती. आईच्या साड्या घरच्यांनी कधीच वाटून टाकल्या होत्या. मुलगी त्या ब्लाउजची घडी छातीशी धरून गोधडीच्या झग्याजवळ जाऊन उभी राहिली.

बायकांचा आवाज हळूहळू बसत गेला. आता कुणी फलक वाचत नव्हतं. ज्या येत होत्या त्या आल्या आल्या आधीच्या बायकांच्या हातांकडे बघायच्या, मग आक्काकडे बघायच्या आणि काही न विचारता हात पुढे करायच्या. सिस्टरनं मात्र आक्काचा हात हातात घेतला, बोटांनी मनगट धरलं, डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली. ती रोज दवाखान्यात असते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

तेव्हा मला कळलं. मी एवढी शिकलेली बाई, सकाळपासून तो थैला मीच उचलून फिरत होते आणि मला कळलं नव्हतं.

चष्मेवाली मुलगी मध्येच येऊन म्हणाली, "काकू, हे मापाचे ब्लाउज किती भारी आहेत! उरलेले आम्हाला द्या ना, ती अख्खी भिंत भरेल." आक्कानं तिच्या गालाला हात लावला. "हे माझे न्हाईत गं. ज्याचे त्याला गेले पाह्यजेत."

दुपारी थैला रिकामा झाला. बायका गेल्या. कार्यालयाबाहेरच्या पायऱ्यांवर, जिथं लग्नात चपला काढतात, तिथं आम्ही दोघी चहा घेऊन बसलो. मी विचारलं नाही. तीच म्हणाली,

"हाडात गेलंय."

"कधी?"

"उन्हाळ्यातच सांगितलं त्येंनी."

"तू तर म्हणालीस, रिपोर्ट चांगले आलेत."

"तुला सांगितलं असतं तर तू रडत बसली असतीस. आन तुझी समजूत घालायला परत मीच. मला लई दमायला हुतंय आता."

मला तिचा इतका राग आला की चहाचा कप मी पायरीवर आदळला. चार महिने मी माझ्या वर्गातल्या पोरींना सांगत होते, माझी आक्का बरी झाली. देवापुढे साखर ठेवली होती. आणि हिनं शांतपणे बायकांना फोन लावले, निरोप पोचवावा तसे सगळ्यांचे ब्लाउज पोचते करून टाकले. मी तिला हेच म्हणाले, याहून वाईट शब्दांत म्हणाले. तिनं ऐकून घेतलं. लहानपणीही ती अशीच ऐकून घ्यायची, म्हणून मी आणखी चिडायची.

मग मला एकदम आठवलं आणि मी रिकामा थैला उघडून बघितला. खालपर्यंत हात घातला.

"माझा कुठाय?"

"तुझा त्यात न्हाई."

काय सांगू, क्षणभर माझ्या जिवात जीव आला. सगळ्यांचे परत केले, पण माझा नाही केला. म्हणजे माझा ती शिवणार. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, पण त्या पायरीवर बसून मला खरंच असं वाटलं.

"तुझा दिला कवाच," आक्का म्हणाली. "गल्लीच्या तोंडाला ती पोरगी बसती बघ, तिच्याकडं. हात चांगला हाय तिचा. तुझा डावा खांदा उतरता हाय, ते दावलंय तिला. आन म्हनलं, गळा मोठा घेऊ नको, ती फळ्यावर लिहायला वाकती. तुला कुठं कुनाला सांगता येतंय, काय पाह्यजे ते? कुनी आडवंतिडवं शिवून दिलं तरी घालून फिरशील."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. लोक बघतील याची मला पर्वा नव्हती, आणि बघायला लोक होते कुठं? शर्टाला औषधाचा वास येत होता. आक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आतून चष्मेवाल्या मुलीनं दिवे बंद केल्याचा आवाज आला.

संक्रांतीच्या आधी आक्का गेली.

तिचं दिवसकार्य झाल्यावर मी गल्लीच्या तोंडाशी त्या मुलीच्या दुकानात गेले. ब्लाउज शिवून तयार होता. कापड आक्कानंच आणून दिलं होतं, जांभळं, माझ्या आवडीचं. मुलगी म्हणाली, "बाई, घालून बघा, काय असेल तर लगेच काढून देते." पडद्याआड जाऊन मी तो घातला. खांदा बसला. मुंढा बसला. गळा जिथं पाहिजे तिथं होता.

"कुठं ओढतंय का?" मुलीनं पडद्याबाहेरून विचारलं.

"नाही," मी म्हणाले. कुठंही ओढत नव्हतं. निदान काखेत तरी ओढायला हवं होतं, म्हणजे मला तिथं उभं राहून म्हणता आलं असतं की हिला जमलं नाही, आक्काची सर कुणाला येणार नाही.

मी बाहेर आले. मुलीनं माझा मापाचा ब्लाउज नीट घडी करून टेबलावर ठेवला होता. "हा राहू दे ना इथंच? पुढच्या वेळी नुसतं कापड पाठवा."

राहू दे म्हणायला पाहिजे होतं. आक्कानं एवढं सगळं त्याच्यासाठीच केलं होतं. मी तो उचलला, पिशवीत टाकला आणि एसटी स्टँडवर आले. त्यानंतर मी कुठंच कापड टाकलेलं नाही.